तहात जिंकणे म्हणजे काय?

‘लढाईत जिंकले, पण तहात हरले’ हे वाक्य मराठीत इतके रुळले आहे की क्रिकेटपासून जागावाटपापर्यंत ते कुठेही खपून जाते. त्यात एक गृहीतक दडले आहे आणि ते आपण कधी तपासत नाही. तह हीसुद्धा एक लढाईच, तिथेही कोणीतरी जिंकते आणि कोणीतरी हरते, तलवारीऐवजी टाक हातात असतो इतकेच. पुरंदरचा तह म्हटला की आपल्याला आधी तेवीस किल्ले आठवतात. काय दिले, काय राखले. शाळेपासून तहाचा हिशेब आपण मुलखाच्या मापाने शिकलो.

माझे म्हणणे असे की या गृहीतकापायी माणसे मरतात, आणि हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. तह जिंकायचा ठरला की दबाव लागतो. वाटाघाटीच्या दालनात हा दबाव दोन प्रकारच्या माणसांच्या जिवावर आणला जातो: जी आधीच मेली आहेत आणि जी अजून मरू शकतात. मेलेल्यांच्या नावाने मागणी चढवता येते. जिवंतांच्या जिवाला घोर लावून सही घेता येते. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी हे दोन्ही इतक्या उघडपणे झाले की त्याची कागदपत्रे, भाषणे, तारखा सगळे आपल्यासमोर आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

२८ जून १९१९. व्हर्सायच्या राजवाड्यातला आरसेमहाल. १८७१ मध्ये फ्रान्सला हरवून जर्मन साम्राज्याची घोषणा याच दालनात झाली होती, म्हणून जागा मुद्दाम निवडलेली. फ्रान्सचे पंतप्रधान जॉर्ज क्लेमांसो यांनी त्या दिवशी पाच सैनिकांना आत आणवले. पाचही जणांचे चेहरे युद्धात फुटलेले. फ्रेंच लोक अशांना ‘फुटक्या तोंडाचे’ म्हणत आणि पुढे त्या सैनिकांनी आपल्या संघटनेसाठी तेच नाव अभिमानाने वापरले. सहीच्या मेजाकडे येणाऱ्या दोघा जर्मन प्रतिनिधींना ते चेहरे दिसावेत अशी योजना होती.

या पाच जणांचा मी बराच विचार केला आहे. चार वर्षांच्या युद्धात सुमारे ९० लाख ते एक कोटी सैनिक मेले. एकट्या फ्रान्सचे तेरा लाखांहून अधिक, जर्मनीचे वीस लाखांच्या आसपास. युद्धाची मानवी किंमत सदेह तिथे हजर असलेला, पॅरिसच्या शांतता परिषदेच्या सहा महिन्यांतला तो बहुधा एकमेव प्रसंग, आणि तोही सह्यांच्या दिवशी, सगळे ठरून गेल्यावर. त्या पाच जणांना कोणी काही विचारले नाही, कारण विचारण्यासाठी त्यांना बोलावलेच नव्हते. सावकार दारात उभा राहून दस्तऐवज दाखवतो तसे ते दाखवले गेले. क्लेमांसोंना त्यांच्याबद्दल खरीच कणव होती, याबद्दल मला शंका नाही. पण कणव असलेल्या माणसानेही जखमेचा दस्तऐवज केलाच.

दस्तऐवज हा शब्द मी सहज वापरलेला नाही. शस्त्रसंधीच्या आधी दोस्तांनी जर्मनीला लेखी कळवले होते की नागरी लोकसंख्येच्या झालेल्या नुकसानीची भरपाई मागितली जाईल. युद्धाचा संपूर्ण खर्च मागायचा नाही, असा त्याचा सरळ अर्थ होता. या व्याख्येने फ्रान्स आणि बेल्जियमचा दावा भक्कम होता. उत्तर फ्रान्सची गावेच्या गावे भुईसपाट झाली होती, माघार घेताना जर्मनांनी कोळशाच्या खाणींत पाणी सोडले होते. ती भरपाई न्याय्यच होती आणि कमी नव्हती. अडचण ब्रिटनची झाली. त्याच्या भूमीवर लढाई झालीच नव्हती. बुडालेली जहाजे धरली तरी वाट्याला फार येईना. मग मार्च १९१९ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेचे जनरल स्मट्स यांनी एक युक्तिवाद मांडला. सैनिक घरी परतला की तो नागरिक होतो, म्हणून त्याचे अपंगत्व, त्याच्या विधवेचे निवृत्तिवेतन, तो लढत असताना त्याच्या कुटुंबाला दिलेला भत्ता हे सगळे ‘नागरी नुकसान’. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांच्या कायदेतज्ज्ञांना हे पटले नाही. विल्सन यांनी मात्र ते मान्य केले.

एका फटक्यात लाखो विधवा आणि अपंग भरपाईच्या तक्त्यात जाऊन बसल्या. जर्मनी प्रत्यक्षात किती देऊ शकेल यात त्यामुळे पैचाही फरक पडला नाही. फरक पडला तो विजेत्यांच्या आपसातल्या वाटणीत. १९२० मध्ये बेल्जियममधल्या स्पा येथे टक्केवारी ठरली तेव्हा फ्रान्सला ५२ आणि ब्रिटनला २२ टक्के मिळाले. १९२१ मध्ये एकूण आकडा जाहीर झाला, १३२ अब्ज सुवर्ण मार्क. त्यातले ८२ अब्ज अशा रोख्यांमध्ये होते की ते कधी वसूल होतील असे मागणाऱ्यांनाही वाटत नव्हते. तो आकडा मतदारांना दाखवण्यासाठी होता. विधवांना पेन्शन मिळायचे ते आपापल्या सरकारच्या तिजोरीतूनच मिळणार होते. पण त्यांच्या कपाळी आलेल्या दुःखाने वाटणीचा काटा आपल्या बाजूला झुकतो, हे एकदा कळल्यावर ते कोण सोडणार?

हे झाले मेलेल्यांबद्दल.

१९१८ च्या नोव्हेंबरमध्ये माथियास एर्झबर्गर नावाचा एक मध्यममार्गी कॅथलिक राजकारणी जर्मन शिष्टमंडळ घेऊन कॉम्पिएन्यच्या जंगलात उभ्या केलेल्या रेल्वेच्या डब्यात पोचला. तारीख ८ नोव्हेंबर. समोर दोस्तांच्या फौजांचे सरसेनापती मार्शल फॉश. एर्झबर्गर यांची पहिली मागणी होती की अटींवर विचार चालू असेपर्यंत गोळीबार थांबवा. फॉश यांनी नकार दिला. अटी मान्य करायला ७२ तास, तोवर लढाई चालूच राहील. गंमत अशी (गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही) की थोड्याच दिवसांपूर्वी याच फॉश यांनी विल्सन यांचे सल्लागार कर्नल हाउस यांना सांगितले होते की हवे ते शस्त्रसंधीने मिळत असेल तर रक्ताचा आणखी एक थेंब सांडण्याचा कोणालाही अधिकार नाही. तत्त्व आणि ७२ तास एकाच माणसाच्या तोंडचे.

११ नोव्हेंबरला पहाटे पाचच्या सुमारास सह्या झाल्या. अंमल सकाळी अकरापासून. मधले सहा तास सगळ्या आघाडीवर निरोप पोचवण्यासाठी ठेवले होते आणि त्यात तथ्य होते. पण निरोप पोचलेल्या तुकड्यांनीही हल्ले केले. अमेरिकेच्या ८९ व्या डिव्हिजनने त्या सकाळी स्तने हे गाव हल्ला करून घेतले. तिच्या सेनापतीने दिलेले एक कारण असे की सैनिक फार दिवसांचे न धुतलेले होते आणि त्या गावात अंघोळीची सोय होती. त्या हल्ल्यात तीनशेवर माणसे ठार वा जखमी झाली. काही तास थांबले असते तर त्याच गावात चालत जाता आले असते. त्या एका दिवसात सर्व बाजू मिळून सुमारे २,७०० माणसे मेली, असा हिशेब इतिहासकारांनी केला आहे. अमेरिकेत पुढे प्रतिनिधिगृहात यावर प्रश्न उठले, साक्षी झाल्या, शिक्षा कोणालाही झाली नाही.

मात्र त्या सहा तासांपेक्षा मला पुढचे आठ महिने अधिक अस्वस्थ करतात. ब्रिटनच्या नौदलाने १९१४ पासून जर्मनीची समुद्री कोंडी केली होती. शस्त्रसंधीच्या अटींत ती चालू ठेवण्याचे कलम होते, सोबत अन्नपुरवठ्याचा विचार करू असे मोघम आश्वासन. याच अटींनी जर्मनीकडून ५,००० तोफा, २५,००० मशीनगन, १,७०० विमाने आणि नौदलाचा मुख्य भाग काढून घेतला होता. म्हणजे शत्रू निःशस्त्र, ऱ्हाइनवर दोस्तांच्या फौजा, आणि तरीही धान्याची जहाजे अडवलेली. कारण उघड होते. तहावर सही अजून व्हायची होती.

अन्न देण्यावरून जी घासाघीस झाली ती वाचताना अंगावर काटा येतो. दोस्तांचे म्हणणे, जर्मनीने व्यापारी जहाजे द्यावीत आणि धान्याची किंमत रोख मोजावी. रोख म्हणजे सोने. त्यावर फ्रान्सच्या अर्थमंत्र्यांनी हरकत घेतली. ते सोने भरपाईसाठी राखून ठेवलेले आहे, ते भाकरीवर कसे खर्चू द्यायचे? इथे माझ्या दोन्ही गोष्टी एकमेकींना भिडतात. मेलेल्यांच्या नावाने काढलेले बिल जिवंत मुलांच्या तोंडचा घास अडवून उभे होते. मार्च १९१९ मध्ये ऱ्हाइनवरच्या ब्रिटिश फौजेचे सेनापती प्लुमर यांनी कळवले की उपाशी मुले पाहून माझ्या सैनिकांचे मनोधैर्य ढासळते आहे. ब्रिटनचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी तो निरोप परिषदेत वाचून दाखवला, तेव्हा कुठे १४ मार्चला ब्रुसेल्समध्ये करार होऊन धान्य निघाले. चार महिने गेले होते. कोंडी पूर्ण उठली ती जर्मनीने तहाला मान्यता दिल्यावर, १२ जुलैला. उपासमारीने किती माणसे मेली यावर आजही वाद आहे. जर्मन आरोग्य खात्याने १९१८ च्या डिसेंबरात सात लाख ६३ हजारांचा आकडा काढला होता, पुढच्या अभ्यासकांनी तो बराच खाली आणला. शस्त्रसंधीनंतरचे बळी वेगळे काढणे तर आणखी कठीण, कारण इन्फ्लुएन्झाची साथही त्याच वेळी होती. पण सरकारांना काय चालले आहे हे ठाऊक होते. एग्लंटाइन जेब या बाईंनी ऑस्ट्रियातल्या एका उपाशी मुलाचे छायाचित्र असलेली पत्रके लंडनच्या ट्रफाल्गर चौकात वाटली म्हणून त्यांच्यावर खटला भरून पाच पौंड दंड केला गेला. मूल उपाशी होते हे न्यायालयानेही नाकारले नव्हते.

७ मे १९१९ रोजी जर्मनीचे परराष्ट्रमंत्री ब्रॉकडॉर्फ-रांट्सौ यांच्या हाती तहाचा मसुदा देण्यात आला. उत्तरासाठी पंधरा दिवस आणि तेही लेखी, तोंडी चर्चा नाही. ते बोलले तेव्हा त्यांनी शस्त्रसंधीनंतर कोंडीने मेलेल्या नागरिकांचा उल्लेख केला आणि विजय पक्का झाल्यावर थंड डोक्याने हे मारले गेले, असे सुनावले. सभागृह संतापले. ते बोलले काय यापेक्षा ते बसून बोलले, उठून उभे राहिले नाहीत, याचा राग अधिक दिवस टिकला. त्या मेजाभोवती कोणत्या गोष्टीने मन दुखावत असे हे यावरून कळते.

जर्मनीची कणव येऊन मी हे लिहितो आहे, असा कोणाचा समज होऊ नये. याच जर्मनीने वर्षभर आधी ब्रेस्ट-लिटोव्स्क येथे रशियाशी वाटाघाटी केल्या. रशियाचा प्रतिनिधी ट्रॉट्स्की सही न करता उठून गेला तेव्हा १८ फेब्रुवारी १९१८ ला जर्मन फौजा पुढे सरकल्या आणि दोन आठवड्यांत आधीपेक्षा कडक अटींवर सही मिळाली. डाव तोच होता, फासे दुसऱ्याच्या हातात होते. म्हणूनच एखाद्या देशाला दुष्ट ठरवून हा प्रश्न सुटत नाही. तह जिंकायचा ठरला की सज्जनही त्याच वाटेने जातात.

आणखी एक गोष्ट. मेलेल्यांचा दस्तऐवज करायचा तर आधी ते मोजावे लागतात. सगळेच मोजले गेले का?

या युद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक सैनिक आणि कामगार समुद्रापार गेले, सुमारे ७४ हजार मेले. व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानच्या वतीने सही आहे. भारतमंत्री एडविन माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांची. राष्ट्रीय सभेने १९१८ च्या डिसेंबरात दिल्लीच्या अधिवेशनात परिषदेसाठी प्रतिनिधी निवडले होते, लोकमान्य टिळक, गांधी आणि हसन इमाम. टिळक तेव्हा ब्रिटिश पत्रकार चिरोल यांच्यावरच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी लंडनमध्येच होते, पॅरिस एका रात्रीच्या अंतरावर. त्यांना जाऊ दिले गेले नाही. मार्च १९१९ मध्ये त्यांनी परिषदेचे अध्यक्ष म्हणून क्लेमांसो यांना हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाबद्दल पत्र लिहिले. त्याच महिन्यात इकडे रौलट कायदा झाला आणि १३ एप्रिलला जालियनवाला बाग. पॅरिसमध्ये लहान राष्ट्रांच्या हक्कांचा कीस काढला जात होता त्याच दिवसांत हे घडले. ७४ हजार मृतांच्या बळावर काही मागावे, तर मागणाऱ्याला दालनाचे दारच बंद. मेलेले दस्तऐवज म्हणून चालतात, पण ज्याच्या हातात चालवायची सत्ता असेल त्याच्याच.

मोजणीची गोष्ट यापेक्षाही कोरडी आहे. मेसोपोटेमियात कूट येथे २९ एप्रिल १९१६ ला सहाव्या पुणे डिव्हिजनने शरणागती पत्करली. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. कैदेत आणि वाळवंटातल्या कूचात कित्येक मेले. त्या रणभूमीवरच्या ज्यांना ज्ञात कबर नाही अशांसाठी बसऱ्याला स्मारक उभारले गेले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे होती, ब्रिटिशांची तशी हिंदी अधिकाऱ्यांचीही. हिंदी शिपायांच्या बाबतीत मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त संख्या. पूर्व आफ्रिकेतल्या हमालांची तर तीही सोय नाही. सैन्याची ओझी वाहून मेलेल्या त्या हजारो माणसांची आठवण आज नैरोबी आणि दार-ए-सलाममधल्या कारियाकोर, कारियाकू या वस्त्यांच्या नावांत उरली आहे. ही नावे ‘कॅरियर कोअर’ची अपभ्रष्ट रूपे. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाने स्वतःच अहवाल काढून मान्य केले की किमान एक लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांची नावाने किंवा अजिबातच नोंद झाली नाही. ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. एकशे दोन वर्षांनी.

आता या सगळ्याविरुद्धचा आक्षेप घेऊ, कारण तो पोकळ नाही. आक्षेप असा की दबावाशिवाय कोणी सही करत नाही, आणि अर्धवट हरवलेला शत्रू पुन्हा उठतो. अमेरिकेचे सेनापती पर्शिंग यांनी ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस हेच लिहिले होते. शस्त्रसंधी नको, बिनशर्त शरणागती हवी. पुढचा इतिहास त्यांच्या बाजूने साक्ष देतो असे वाटते. जर्मन सैन्य कूच करत घरी परतले, बर्लिनने परकी फौज पाहिली नाही, आणि ‘आम्ही रणांगणात हरलोच नव्हतो, घरच्यांनी पाठीत खंजीर खुपसला’ ही दंतकथा जन्माला आली. वस्तुतः २९ सप्टेंबरलाच जर्मन सेनानी लुडेनडॉर्फ यांनी शस्त्रसंधीसाठी तगादा लावला होता. सही करण्याची वेळ आली तेव्हा सेनानींनी मागे राहून मुलकी पुढाऱ्यांना पुढे केले. एर्झबर्गर यांना या सहीसाठी २६ ऑगस्ट १९२१ ला गोळ्या घालण्यात आल्या. तहानंतर वीस वर्षांनी युरोप पुन्हा पेटला.

मी या आक्षेपावर पुष्कळ अडलो. पण नीट पाहिले तर दंतकथा फोफावली ती गोळीबार लवकर थांबल्यामुळे नव्हे. पराभवाच्या कागदावर सेनापतींची सही नव्हती, हे खरे बीज. फॉश यांनी जर्मन सेनाप्रमुख हिंडेनबुर्ग यांना डब्यात बोलावण्याचा हट्ट धरला असता तर त्यात एकही माणूस मेला नसता. उलट कोंडीने मारलेल्या मुलांनी दंतकथेला काय मिळाले? इंधन. कडकपणा कुठे दाखवायचा आणि कुठे नाही, याची निवड चुकली. जबाबदारांवर जिथे दाखवायचा तिथे ढिलाई झाली आणि स्वयंपाकघरांवर जोर दाखवला गेला.

दुसरा आक्षेप याहून अवघड, आणि त्याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. कोरियात १० जुलै १९५१ ला केसाँग येथे वाटाघाटी सुरू झाल्या. आघाडीची रेषा तोवर जवळपास स्थिरावली होती, पुढेही फारशी हलली नाही. सही झाली २७ जुलै १९५३ ला. अमेरिकेचे जेवढे सैनिक या युद्धात ठार-जखमी झाले त्यांपैकी सुमारे ४५ टक्के वाटाघाटी सुरू झाल्यानंतरचे. १९५२ च्या वसंतापर्यंत इतर सगळे मुद्दे मिटले होते, अडले ते एकावर. ज्या युद्धकैद्यांना मायदेशी जायचे नाही त्यांना बळजबरीने पाठवायचे का? हा मुद्दा माणुसकीचाच होता. दुसऱ्या महायुद्धानंतर ज्यांना जबरदस्तीने सोव्हिएत रशियात परत पाठवले त्यांचे काय झाले हे सगळ्यांना माहीत होते. म्हणजे हजारो कैद्यांच्या हक्कासाठी हजारो सैनिक आणि त्याहून कितीतरी अधिक कोरियन माणसे सव्वा वर्ष मरत राहिली. कोण चूक होते, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

पण सुटका कशी झाली ते पाहण्यासारखे आहे. १९५२ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांत भारताच्या पुढाकाराने, कृष्ण मेनन यांच्या खटपटीने, एक ठराव झाला. कैद्यांना तटस्थ देशांच्या ताब्यात द्यावे आणि गोळीबार थांबल्यावर त्यांची इच्छा विचारावी. चीन आणि रशियाने तो धुडकावला. मार्चमध्ये स्टालिन मेला आणि जुलैत जे ठरले ते बऱ्याच अंशी याच धर्तीवर. बावीस हजारांहून अधिक कैदी भारतीय फौजेच्या स्वाधीन झाले. त्यासाठी नेमलेल्या तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, फौजेचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात. या मोहिमेबद्दल मराठी घरांत फारसे बोलले जात नाही, बोलले जावे. तत्त्व शाबूत राहिले आणि त्यासाठी बंदूक चालू ठेवावी लागली नाही. डिसेंबर ते जुलै या सात महिन्यांत लढाईने त्या तोडग्यात काही भर घातल्याचे मला दिसत नाही. सहीच्या तीन आठवडे आधी पोर्क चॉप नावाच्या टेकडीवर दोन्ही बाजूंची शेकडो माणसे मेली आणि मग अमेरिकनांनी ती टेकडी सोडून दिली. शस्त्रसंधीनंतर ती कोणाच्याच नसलेल्या पट्ट्यात गेली. शांततेचा करार तिथे आजतागायत झालेला नाही. अर्धवट, कुरूप अशी शांतता. मी तिची बाजू घेतो, कारण सत्तर वर्षांत त्या रेषेवर जे घडले नाही ते मला दिसते.

यावर एखादा म्हणेल, तुमच्या दारात परकी फौज उभी असती तर? गोळीबार आहे त्या रेषेवर थांबवणे म्हणजे रेषेपलीकडच्या आपल्या माणसांना तसेच सोडणे, आणि ताब्यातल्या मुलखातही माणसे मरतात, फक्त आवाज होत नाही. हे बरोबर आहे. आक्रमकाला दम घ्यायला उसंत मिळते, हेही बरोबर. म्हणून ‘आधी थांबा, मग बोला’ हा मंत्र मी सगळीकडे लावणार नाही. लढत राहण्याचा निर्णय कधी कधी योग्य असू शकतो. मात्र तो कोणाच्या खात्यावर घेतला जातो आहे ते लिहून ठेवावे.

माझी मागणी इतकीच आहे. अन्न आणि औषध यांवर वाटाघाट नको, ती कोणाच्याही हातातली हुकमाची पाने नसावीत. आणि वाटाघाटी ज्या दिवशी सुरू होतात त्या दिवसापासून मेलेल्यांची नोंद वेगळी करावी. युद्धाच्या एकूण आकड्यात ती मिसळू नये. बैठकीच्या इतिवृत्तात त्या दिवशी चर्चेला असलेल्या कलमासमोर त्या दिवशी मेलेल्यांचा आकडा असावा, दोन्ही बाजूंचा, आघाडीवरचा, उपाशी मेलेल्यांचा, ताब्यातल्या मुलखातलाही, आणि त्याखाली हजर असलेल्या प्रत्येकाची सही. हिशेबनीस हे काम एका तासात करू शकतो. कोणी थांबेलच याची खात्री नाही. फॉश कदाचित तरीही ७२ तासांवर ठाम राहिले असते. पण ५२ टक्के की २२ टक्के यावर घासाघीस करणाऱ्यांना आकड्यांचे वावडे नव्हते, तर हाही आकडा त्यांना चालायला हरकत नव्हती.

अशी वही कोणी ठेवली नाही. तिच्या जागी जे आहे ते फ्रान्समध्ये व्रीन्य-म्यूज येथे आहे. ओग्युस्तँ त्रेब्युशाँ, लोझेरचा मेंढपाळ, वय चाळीस, पलटणीचा निरोप्या. ११ नोव्हेंबर १९१८ च्या सकाळी, शस्त्रसंधीला जेमतेम पंधरा मिनिटे उरली असताना तो निरोप घेऊन निघाला होता. साडेअकराला जेवणासाठी जमावे, असा तो निरोप होता. वाटेत त्याला गोळी लागली. त्याच्या थडग्यावर मृत्यूची तारीख १० नोव्हेंबर कोरलेली आहे.